बोलका संगणक, मुकी संकेतस्थळे

दृष्टिहीन तरुणांना संगणक शिकवणारे वर्ग वाढले, शिकवणारी यंत्रणाही मोफत झाली. तरीही प्रमाणपत्र आणि नोकरी यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे आणि ती शिकणाऱ्यांनी बांधलेली नाही.

नोकरीच्या ऑनलाइन अर्जातला शेवटचा रकाना भरून झालेला असतो. नाव, पत्ता, पदवीचे गुण, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक सारे काही बिनचूक टंकलेले असते. आता उरते ते एवढेच, की एका छोट्या चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची, ती खालच्या चौकोनात लिहायची आणि अर्ज पाठवायचा. डोळस उमेदवाराला त्यासाठी पाच सेकंद पुरतात. दृष्टिहीन उमेदवाराचा संगणक मात्र तिथे येऊन ‘ग्राफिक’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि गप्प होतो. शेजारी मदतीला कोणी असेल तर अर्ज जातो, नसेल तर मुदत जाते.

अर्ज भरणारा माणूस यंत्र आहे की मनुष्य, हे तपासण्यासाठी ‘कॅप्चा’ नावाची ही युक्ती योजण्यात आली. जो पाहू शकत नाही तो मनुष्य नव्हे, असाच तिचा व्यवहारातला अर्थ होतो. वर्षानुवर्षे कष्टाने संगणक शिकलेल्या दृष्टिहीन तरुण-तरुणींना हा अनुभव नवा नाही. त्यामुळेच ‘तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणातून रोजगार’ ही घोषणा ऐकायला सोपी वाटली, तरी तिच्यामागचा हिशेब नीट मांडून पाहायला हवा.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. महाराष्ट्रातील एकूण अपंगांची नोंद २९ लाखांच्या वर होती. याच जनगणनेत देशभरातील अपंगांपैकी केवळ ३६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या कामात असल्याचे दिसून आले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के, तर स्त्रियांमध्ये अवघे २३ टक्के होते. म्हणजे दर चार अपंग स्त्रियांमागे एकीच्याही हाताला काम नव्हते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत आणखी एक बाब समोर आली. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती असलेल्यांचे प्रमाण जेमतेम २८.८ टक्के होते. आरक्षण, शिष्यवृत्ती, परीक्षेतील जादा वेळ या सगळ्यांचे दार त्याच कागदाने उघडते. ज्यांच्याकडे तो कागदच नाही, त्यांच्यापर्यंत संगणकाचा वर्ग पोहोचणे ही फार पुढची गोष्ट झाली.

खुर्च्या विणण्यापासून टेलिफोनपर्यंत

दृष्टिहीनांसाठी कामे कोणती, याचे उत्तर समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकले होते. वेताच्या खुर्च्या विणणे, खडू आणि मेणबत्त्या तयार करणे, हातमाग चालवणे, संगीत शिकवणे ही ती ठरलेली यादी. १९५२ मध्ये मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ची स्थापना झाली. त्यानंतर शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाला संघटित रूप येत गेले. टेलिफोन ऑपरेटर हे पद त्या काळातले मोठे यश मानले गेले. कचेरीतल्या स्विचबोर्डवर कान आणि स्मरणशक्ती यांचेच काम, त्यामुळे बँका आणि सरकारी कार्यालयांत अनेक दृष्टिहीनांना तिथे मानाची जागा मिळाली. पुढे एसटीडी-पीसीओच्या वाटपात अपंगांना प्राधान्य मिळाले आणि शहराशहरांतल्या नाक्यांवर, रेल्वे स्थानकांबाहेर त्यांचे पिवळे बूथ उभे राहिले.

परंतु तंत्रज्ञानाने दिलेले तंत्रज्ञानानेच काढून घेतले. स्वयंचलित एक्स्चेंज आले आणि ऑपरेटरची खुर्ची रिकामी झाली. मोबाइल खिशात आला आणि पीसीओच्या बूथमध्ये चॉकलेट-बिस्किटे विकण्याची वेळ आली. या इतिहासाचा धडा साधा आहे. अपंगांसाठी म्हणून एखादे काम राखून ठेवले, तर ते काम संपते त्या दिवशी त्या सगळ्यांचा रोजगारही संपतो. त्यापेक्षा जी कामे सगळेच करतात, ती करण्याचे साधन हाती देणे अधिक टिकाऊ ठरते. संगणकाने हीच शक्यता निर्माण केली.

पडदा न पाहता संगणक चालतो कसा?

या शक्यतेचे नाव ‘स्क्रीन रीडर’. पडद्यावरचा मजकूर, बटणे, रकाने, सूचना हे सारे वाचून कृत्रिम आवाजात ऐकवणारे हे सॉफ्टवेअर असते. ते पडद्याकडे ‘पाहत’ नाही. एखाद्या प्रोग्रॅमने किंवा संकेतस्थळाने आपल्या घटकांना जी नावे दिलेली असतात, ती नावे ते उचलते. बटणाला ‘पाठवा’ असे नाव दिलेले असेल, तर ते ‘पाठवा, बटण’ असे म्हणते. नुसतेच कागदी विमानाचे चित्र लावून नाव द्यायचे राहिले असेल, तर ते फक्त ‘बटण’ म्हणते. बटण कशाचे, ते ऐकणाऱ्याने ताडायचे.

दृष्टिहीन व्यक्ती माऊस वापरत नाही, कारण बाण कुठे आहे हे तिला दिसत नाही. तिचे सारे काम की-बोर्डवर चालते. ‘टॅब’ दाबून पुढच्या रकान्यात जायचे, बाणांच्या कळांनी ओळ ओळ ऐकायची. संकेतस्थळावर ‘एच’ दाबले की पुढचे शीर्षक, ‘के’ दाबले की पुढची लिंक, ‘टी’ दाबले की पुढचा तक्ता. डोळस वाचक जसा बातमीच्या मथळ्यांवरून नजर फिरवतो, तसा दृष्टिहीन वाचक शीर्षकांवरून कान फिरवतो. सरावलेले वापरकर्ते हा आवाज इतक्या वेगाने ऐकतात, की शेजारी बसलेल्याला त्यातला एक शब्दही कळू नये.

या क्षेत्रातील दोन महत्त्वाची सॉफ्टवेअर स्वतः दृष्टिहीन असलेल्या व्यक्तींच्या पुढाकारातून जन्माला आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर अमेरिकेतील टेड हेन्टर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये आणला. हेन्टर हे पूर्वी मोटारसायकल शर्यतपटू होते. १९७८ मधील मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. १९९५ मध्ये ‘जॉज’ची विंडोज आवृत्ती आली आणि कार्यालयीन संगणकाचे जग दृष्टिहीनांसाठी खुले झाले. मात्र त्याची किंमत सामान्य भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. संस्थेने एक प्रत घ्यायची आणि अनेकांनी पाळीपाळीने तिच्यावर शिकायचे, हाच मार्ग होता. शिकून घरी गेलेल्याच्या संगणकात ते सॉफ्टवेअर नसे.

ही कोंडी फोडली ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने. २००६ मध्ये त्याने ‘एनव्हीडीए’ हा मोफत आणि मुक्त स्रोत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र जेम्स तेह नंतर या कामात सामील झाला. डोळस माणसाला पडदा पाहण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, मग दृष्टिहीनाने तो ऐकण्यासाठी का मोजावेत, हा या प्रकल्पामागचा विचार. आज भारतातील अनेक प्रशिक्षण वर्ग एनव्हीडीएवर चालतात, कारण तो पेन ड्राइव्हवर घेऊन कोणत्याही संगणकावर लावता येतो.

वर्गात नेमके काय शिकवले जाते?

संगणकाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा माऊस धरण्याचा असतो. दृष्टिहीनांच्या वर्गात पहिला धडा की-बोर्डवरील ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवरचे बारीक उंचवटे शोधण्याचा असतो. दोन्ही तर्जनी तिथे टेकल्या की बाकीच्या कळा कुठे आहेत, हे बोटांना कळते. त्यानंतर टंकलेखन, स्क्रीन रीडरच्या आज्ञा, पत्रलेखन, ई-मेल, इंटरनेट आणि मग एक्सेलचे तक्ते असा क्रम लागतो. एक्सेलमध्ये आपण कोणत्या ओळीत व कोणत्या स्तंभात आहोत, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. संपूर्ण तक्ता डोक्यात उभा करण्याची ही कसरत सर्वांत अवघड. पण कार्यालयीन नोकरीसाठी तीच सर्वांत मोलाची ठरते.

चांगले वर्ग एवढ्यावर थांबत नाहीत. पांढरी काठी घेऊन लोकलने एकट्याने प्रवास करणे, मुलाखतीत समोरच्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बोलणे, आपल्याला कोणत्या सोयी लागतील हे संकोच न बाळगता सांगणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग असतो. संगणक उत्तम येणारी मुलगी घरून कार्यालयापर्यंत एकटी जाऊ शकत नसेल, तर तिचे कौशल्य घरातच राहते. अनेक घरांत मुलाला काठी घेऊन बाहेर पडू दिले जाते, मुलीला नाही. स्त्रियांच्या रोजगाराचा आकडा निम्म्यावर का घसरतो, याचे एक कारण इथेही सापडते.

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठीचे ‘झेवियर्स रिसोर्स सेंटर’ सुरू झाले. बंगळूरमध्ये शांती राघवन आणि दीपेश सुतारिया यांनी १९९९ मध्ये ‘एनेबल इंडिया’ ही संस्था स्थापन केली. शांती यांच्या भावाची दृष्टी ऐन तारुण्यात गेली, त्याला पुन्हा उभे करण्याच्या धडपडीतून हे काम उभे राहिले. अशा संस्थांनी प्रशिक्षणाची दिशाच थोडी बदलली. आधी वर्ग आणि मग नोकरीचा शोध, याऐवजी आधी कंपनीत जाऊन कामाची फोड करायची, त्यातले कोणते टप्पे स्क्रीन रीडरने करता येतात हे पाहायचे आणि मग तेवढे नेमके शिकवायचे. ‘अंध माणूस हे काम करू शकेल का’ या प्रश्नाचे उत्तर मग चर्चेने नव्हे, प्रात्यक्षिकाने देता येते.

मराठीचा वेगळाच पेच

इंग्रजी शिकलेल्या दृष्टिहीन तरुणाला ही वाट तुलनेने सोपी जाते. गावातल्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या अंधशाळेतून मराठी माध्यमात, ब्रेलमधून शिकून आलेल्या मुलापुढे मात्र आणखी एक घाट असतो.

पहिला अडथळा फाँटचा. २००० च्या दशकात बहुतेक मराठी संकेतस्थळे पाहण्यासाठी त्यांचा स्वतंत्र फाँट उतरवून घ्यावा लागे. अशा जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, पडद्यावर त्याला फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला ‘महाराष्ट्र’ दिसते, पण स्क्रीन रीडर मुखवट्यामागची अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे वाचत सुटतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने ही अडचण उरत नाही. वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोडवर आली आणि त्यासरशी ती दृष्टिहीन वाचकांना ऐकू येऊ लागली. तथापि छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये रचलेली पुस्तके, नोट्स आणि परिपत्रके अजूनही फिरत असतात. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, तर तो तर निव्वळ फोटोच. त्यातला मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर वापरल्याशिवाय तो बोलत नाही.

दुसरा प्रश्न टंकलेखनाचा. त्यासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी दृष्टिहीनांना सोयीची ठरते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात. ‘क’ च्याच कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’ च्या कळेवर ‘घ’, ‘त’ च्या कळेवर ‘थ’. वर्णमालेची शिस्त बोटांत भिनली की पाठांतराचे ओझे कमी होते. शिवाय ‘एफ’ च्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘जे’ च्या उंचवट्यावर ‘र’ असल्याने इंग्रजी टंकलेखनाची खूण तशीच कामी येते.

तिसरी अडचण आवाजाची. मराठी माणूस ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतला ‘च’ वेगवेगळा उच्चारतो, लिपीत मात्र अक्षर एकच. यांत्रिक आवाजाला हा भेद पुष्कळदा साधत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक कानाने पुरेसा कळत नाही आणि लेखी परीक्षेत शुद्धलेखनाचे गुण जातात. म्हणूनच संगणक आला तरी ब्रेल सोडू नये, असे या क्षेत्रातील शिक्षक आग्रहाने सांगतात. ब्रेलमध्ये बोटाखालून अक्षर जाते आणि शब्दाचे रूप मनात ठसते. संगणक वेग देतो, पण अक्षरओळख ब्रेलमुळे पक्की होते.

कायदा कुठे उभा आहे?

अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये झाला. त्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्याशी सुसंगत असा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याने आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. खासगी क्षेत्राला आरक्षणाची सक्ती नाही. मात्र कर्मचाऱ्यांमध्ये किमान ५ टक्के दिव्यांग असावेत, यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, अशी तरतूद आहे. आणखी एक कलम फारसे माहीत नसलेले, पण अनेक घरांना तारणारे आहे. सरकारी नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. मधुमेह किंवा काचबिंदूमुळे चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गमावणाऱ्या कर्मचाऱ्याला या कलमाचा आधार असतो. तथापि नोकरी टिकणे आणि काम करता येणे यांत अंतर आहे. त्याला वेळेत स्क्रीन रीडर शिकवला नाही, तर पगार चालू राहतो आणि माणूस मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतो.

कागदावरचा हक्क प्रत्यक्षात यायला किती झगडावे लागते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. स्क्रीन रीडरच्या साह्याने अभ्यास करून त्या २०१६ मध्ये नागरी सेवा परीक्षेत ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रेल्वे लेखा सेवेत मिळालेली नियुक्ती दृष्टिहीनतेच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आली. त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश केला. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. कौशल्य पहिल्या वर्षीही तेवढेच होते. दार मात्र दुसऱ्यांदा ठोठवावे लागले.

अलीकडच्या काही निकालांनी ही दारे थोडी अधिक उघडली आहेत. सार्वजनिक सेवा सुगम करण्याचे निकष केवळ मार्गदर्शक नव्हे, तर बंधनकारक असायला हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. केवळ दृष्टिहीनतेमुळे कोणालाही न्यायिक सेवेत संधी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा मार्च २०२५ मध्ये दिला गेला. त्याच वर्षी ३० एप्रिलच्या निकालात डिजिटल सुविधा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. ग्राहक ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट होती. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी ती पुरी करायची कशी, असा प्रश्न त्या याचिकांमध्ये होता. बँकेत खाते उघडता येत नसेल, तर पगार जमा होणार कुठे, इतका तो साधा आणि इतका मूलभूत होता.

प्रशिक्षण पुरेसे का नाही?

या सगळ्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. प्रशिक्षण माणसाला बदलते, पण कामाची जागा त्यासोबत बदलली नाही तर ते वाया जाते. बँकेत लिपिक म्हणून लागलेली दृष्टिहीन व्यक्ती सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीत सफाईने काम करते. मग नवी आवृत्ती येते, बटणांना नावे द्यायची राहून जातात आणि एका रात्रीत ती व्यक्ती ‘काम न करू शकणारी’ ठरते. तिचे कौशल्य कालच्याएवढेच असते. बदललेला असतो तो समोरचा पडदा.

बिघाड असा पडद्याच्या बाजूला असतो, दुरुस्ती मात्र माणसाची सुचवली जाते. आणखी एक अभ्यासक्रम, आणखी एक प्रमाणपत्र. वास्तविक संकेतस्थळे सुगम कशी करावीत, याचे आंतरराष्ट्रीय निकष अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. भारत सरकारनेही आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. चित्राला वर्णन देणे, बटणाला नाव देणे, रकान्याला शीर्षक जोडणे ही कामे सॉफ्टवेअर तयार करतानाच केली तर त्यांना फारसा वेळ लागत नाही. इमारत बांधून झाल्यावर उतार बांधायचा म्हटले की भिंत फोडावी लागते, तसेच हे आहे. संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी आपला प्रोग्रॅम डोळे मिटून चालवून पाहिला आहे, हा प्रश्न म्हणूनच दृष्टिहीनांच्या वर्गाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी उणीव मनातली आहे. अनेक मालकांना दृष्टिहीन कर्मचारी संगणकावर काम करतो म्हणजे नेमके काय करतो, याचीच कल्पना नसते. मुलाखतीत कामाऐवजी ‘तुम्ही कार्यालयात येणार कसे, स्वच्छतागृहात जाणार कसे’ असे प्रश्न विचारले जातात. नोकरी मिळालीच, तर कोणतेही जबाबदारीचे काम न देता ‘सांभाळून’ घेतले जाते. ही दया वरवर भली वाटते, पण बढतीच्या वेळी तिचाच अडसर होतो. ज्याला काम दिलेच नाही, त्याच्या कामाचे मूल्यमापन कसे होणार?

मोबाइलने दिलेले, पुढे काय?

गेल्या दशकात स्वस्त स्मार्टफोनने मोठा फरक घडवला. अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमधील ‘व्हॉइसओव्हर’ हे स्क्रीन रीडर फोनसोबतच येतात. बोट फिरवले की नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. वीजबिल भरणे, रेल्वेची वेळ पाहणे, छापील पत्राचा फोटो काढून तो ऐकणे, ही कामे ज्यांच्या घरी संगणक कधीच नव्हता अशा तरुणांच्याही हातात आली. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ हे ॲप आणले. समोरच्या छायाचित्रात काय आहे याचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्सही आता उपलब्ध आहेत. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ मधील कॉपीराइट दुरुस्तीने दृष्टिहीनांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा दिली, तर २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

तरीही सावध राहण्याचे कारण आहे. ध्वनिफीत ऐकून ती टंकणे, ग्राहकांच्या फोनला उत्तरे देणे ही संगणक शिकलेल्या दृष्टिहीनांना मिळालेली कामे आहेत आणि नेमक्या याच कामांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला घाला पडत आहे. टेलिफोन ऑपरेटरच्या बाबतीत जे घडले, त्याची पुनरावृत्ती टाळायची असेल, तर प्रशिक्षणाची मजल टंकलेखन आणि कॉल सेंटरच्या पुढे जायला हवी. लेखापाल, शिक्षक, वकील, प्रोग्रॅमर, प्रशासक अशा कामांत दृष्टिहीन व्यक्ती आज आहेतच. त्यांची संख्या वाढायची, तर शाळेतच गणित आणि विज्ञान सोडायला लावण्याची प्रथा थांबायला हवी. बाराव्या वर्षी बंद केलेले दार बाविसाव्या वर्षी सहा महिन्यांच्या वर्गाने उघडत नाही.

चौकट : आपले संकेतस्थळ बोलके आहे का?

आपल्या कार्यालयाचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ दृष्टिहीनांना वापरता येते का, हे कोणालाही घरबसल्या तपासता येते.

१) माऊस काढून ठेवा. केवळ ‘टॅब’ आणि ‘एंटर’ या कळांनी अर्ज भरून शेवटपर्यंत जाता येते का, ते पाहा.

२) फोनमध्ये ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ सुरू करून डोळे मिटा. प्रत्येक बटणाचे नाव ऐकू येते, की फक्त ‘बटण, बटण’?

३) पीडीएफमधील मजकूर निवडून कॉपी करता येतो का? येत नसेल, तर तो मजकूर नव्हे, फोटो आहे.

४) कॅप्चा असेल, तर त्याला ऐकून किंवा मोबाइलवरील सांकेतांकाने पुढे जाण्याचा पर्याय आहे का?

५) मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? तो दुसऱ्या संगणकावर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरे दिसली, तर नाही.

यातील एकाही चाचणीसाठी खर्च नाही. लागतात ती पंधरा मिनिटे. नोकरीच्या अर्जाच्या शेवटच्या रकान्यापाशी थांबलेल्या एखाद्या उमेदवारासाठी मात्र ती पंधरा मिनिटे अख्ख्या अभ्यासक्रमाइतकी मोलाची ठरू शकतात.